पाडायचं, शाकारायचं की मधलं काही? दापोली किनाऱ्यावरच्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

दापोलीहून समुद्राकडे उतरलं की आगरांची गावं सुरू होतात. नारळ, सुपारी, मधून गेलेली चिऱ्याची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची पायवाट, आणि पाखाडीच्या दोन्ही अंगांना घरं. त्यातल्या एका घराची ही हकिगत. गावाचं नाव देत नाही. माणसांना गावात ज्या नात्याने हाक मारतात तीच नाती इथे ठेवली आहेत आणि आकडे पाच हजारांत गोल केले आहेत. मी याच पट्ट्यात घरदुरुस्तीची कामं करतो. अंदाजपत्रक काढणं, गवंडी-सुतार लावून देणं, देखरेख ठेवणं.

घर दादांच्या आजोबांनी बांधलेलं, सत्तरी ओलांडलेलं. मातीत आणि चुन्यात रचलेल्या चिऱ्याच्या भिंती, ऐन-किंजळीचं लाकूड, वर मंगळूरी कौलं. पुढे ओटी आणि पडवी, आत माजघर, देवघर, दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, अर्ध्या भागावर माडी. संडास आणि न्हाणीघर मागीलदारी, पाच पायऱ्या उतरून वीस पावलांवर. खालचं क्षेत्र १,५०० चौरस फुटांच्या आसपास.

दादा पुण्यात एका कारखान्यात नोकरीला. मला पहिल्यांदा भेटले तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते, निवृत्तीला दोन वर्षं होती. वहिनी घरी शिकवण्या घेतात. दादांच्या आई, ज्यांना सगळी वाडी आजी म्हणते, तेव्हा चौऱ्याऐंशीच्या. त्या गावीच राहतात, रात्री सोबतीला शेजारची एक बाई येते. धाकटा भाऊ ठाण्याला, बहीण चिपळूणला. गणपती आणि शिमग्याला सगळे जमतात, एरवी घरात आजी आणि दोन मांजरं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं. त्या दुपारी दापोली-मंडणगडच्या पट्ट्यात काय झालं ते इथल्या कुणाला सांगावं लागत नाही. या घराचं निम्मं आगर आडवं झालं, परसातला फणस पडला आणि पश्चिमेकडची कौलं गेली. पंचनामा झाला, मदत आली, ती कौलांत आणि ताडपत्रीत संपली. पुढच्या मेमध्ये तौक्ते किनाऱ्याच्या कडेकडेने वर सरकलं आणि ती ताडपत्री घेऊन गेलं. पडलेला फणस मात्र धाकट्या भावाने गिरणीत नेला आणि फळ्या पाडून पडवीत रचून ठेवला. त्या वेळी त्याला सगळे हसले होते.

अडचण

डिसेंबर २०२२ मध्ये दादांचा फोन आला. "घर विकायचं नाही हे नक्की आहे. आता त्यावर किती घालावेत ते तुम्ही सांगा."

पटकन उत्तर देता आलं नाही. शहरातल्या फ्लॅटला एक सोपी मोजपट्टी असते: आसपासचे फ्लॅट ज्या भावाने जातात त्याच्यावर आपला खर्च उडी मारून जाऊ द्यायचा नाही. इथे ती लागत नाही. सामाईक मालकीचं घर, दारात गाडी जात नाही, घेणारा कोण येणार? आणि आला तरी यांना द्यायचं नाही. विकायचं नसलं की खर्चाला वरची हद्दच उरत नाही. मग माणसं दोन टोकांना जातात. एक म्हणतो आपलंच आहे, होऊ दे खर्च. दुसरा म्हणतो राहतंय कोण तिथे. दोन्ही प्रकार याच पाखाडीवर आहेत. एका घरात आरशासारखी गुळगुळीत फरशी आणि अकरा महिने कुलूप, त्याच्या पलीकडच्या घराच्या भिंतीतून पिंपळ उगवलाय.

घाई दोन गोष्टींची होती. पहिली छपराची. पूर्वी दर मेमध्ये शाकारणी व्हायची: कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बदलायची, पुन्हा लावायची. आता शाकारणारी माणसं मिळत नाहीत आणि वानरांचे कळप मात्र वाढलेत. एक वानर आंब्यावरून आढ्यावर उडी घेतो तेव्हा दोन-तीन कौलं तरी जातात. या घराची शाकारणी तीन वर्षं झालेली नव्हती. दुसरी घाई आजींच्या संडासाची. रात्री, पावसात, छत्री आणि बॅटरी घेऊन पाच पायऱ्या.

समोरचे पर्याय

दादांकडे आधीच एका ठेकेदाराचा आकडा होता. जुनं घर पाडायचं आणि त्याच जोत्यावर आरसीसीचं, स्लॅबचं घर बांधायचं. २,३०० रुपये चौरस फुटाने साडेचौतीस लाख. गडगा (दगडी कुंपण), टाकी, किरकोळ धरून चाळीस. ठेकेदाराचं म्हणणं होतं की एकदा स्लॅब पडला की कटकट गेली.

यावर मला थोडं बोलायचं आहे, कारण हा सल्ला किनाऱ्यावर सर्रास दिला जातो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सपाट स्लॅबवर तो थांबतो आणि मुरतो. हवेत खार असतो. वाळू खाडीची असली आणि नीट धुतलेली नसली तर त्यातला क्षार आतल्या सळईला धरतो, सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पोपडे खाली येतात. कुठल्याही किनाऱ्यावरच्या गावात वीस-पंचवीस वर्षांची स्लॅबची घरं बघा, बहुतेकांवर नंतर लोखंडी पाइप उभे करून पत्र्याची शेड चढवलेली दिसेल. छपराचे पैसे दोनदा दिलेले असतात.

दुसरा पर्याय दादांच्या मुलाचा. जुनं घर ठेवायचं, माडी नीट करायची, दोन खोल्यांना लागून न्हाणीघरं काढायची, एसी बसवायचे आणि पर्यटकांना द्यायचं. राज्याच्या पर्यटन विभागाच्या निवास-न्याहारी योजनेची माहितीही त्याने काढली होती. खर्च सव्वीस लाख. कल्पना वाईट नव्हती. पण पाहुण्यांना चहा कोण देणार, चादरी कोण धुणार, रात्री अकराला आलेल्या गाडीला पाखाडीवरून कोण घेऊन येणार, याची उत्तरं त्याच्याकडे नव्हती. तो हिंजवडीला असतो.

तिसरा, फक्त शाकारणी करत राहायचं. वर्षाला चाळीस-पंचेचाळीस हजार आणि घर जसं आहे तसं. चौथा, टप्प्याटप्प्याने दुरुस्ती, जे आपोआप बाकीच्यांच्या मधोमध पडत होतं. त्याचा आकडा तेव्हा कुणाकडेच नव्हता.

पहिला निर्णय: आधी एक ऑगस्ट काढा

मी दादांना म्हटलं की आकडा देतो, पण तुम्ही दोघं आधी एक पावसाळी महिना या घरात राहा. गणपतीचे पाच दिवस नव्हे. तेव्हा घरात पंधरा माणसं असतात, कुणाला कशाची उणीव जाणवत नाही. ऑगस्टचा अख्खा महिना, दोघं आणि आजी.

ते खरंच राहिले, २०२३ च्या ऑगस्टमध्ये. दादांनी रजा घेतली, वहिनींनी शिकवण्या मोबाइलवरून घ्यायचं ठरवलं आणि चौथ्या दिवशी सोडून दिलं, कारण नेटवर्क फक्त तुळशीवृंदावनापाशी येतं. महिन्याअखेरीस मी गेलो तेव्हा वहिनींनी एक वही पुढे केली. माझ्या कुठल्याही पाहणीपेक्षा त्या वहीत जास्त होतं.

माडीवर महिन्यात एकदाही कुणी गेलं नव्हतं. पश्चिमेची झड पडवी ओलांडून थेट माजघराच्या उंबऱ्यापर्यंत येते, झापं (विणलेल्या झावळ्या) बांधली तरी येते. स्वयंपाकघर मोठं आहे पण ओटा खिडकीपासून लांब, त्यामुळे दिवसाही दिवा लावावा लागतो. दळण, पापड, कपडे, काहीच वाळत नाही. वाळवायला आडोशाची जागा हवी. आजी दिवसाचे सात-आठ तास ओटीवर असतात आणि ओटीला कठडा नाही. पश्चिमेच्या खोलीतली भिंत कमरेपर्यंत ओली, वर लोणा (मिठाचा थर). विजेची तार अजून लाकडी पट्टीवरची, ओल्या भिंतीला हात लावला की झिणझिण्या. शेवटची नोंद अशी होती: "रात्री ३ वेळा उठले आईंबरोबर. छत्री उलटी झाली."

मुलाच्या यादीतली एसीची खोली त्या वहीत कुठेच नव्हती.

दुसरा निर्णय: आकडा कुठे थांबवायचा

वरची हद्द घराकडे बघून ठरत नव्हती, म्हणून दादांच्या म्हातारपणाकडे बघून ठरवली. निवृत्तीला त्यांच्या हाती सगळं मिळून एक कोटी वीस लाख येणार होते. पेन्शन नाही, पुण्याचा फ्लॅट स्वतःचा, कर्ज नाही. दोघांचा महिन्याचा खर्च पंचावन्न हजार, म्हणजे वर्षाचा सहा लाख साठ हजार. सात टक्के व्याज धरलं तर एक कोटी वीस लाखांचे वर्षाला आठ लाख चाळीस हजार होतात. त्यातले चाळीस लाख घरात घातले तर उरलेल्या ऐंशीचे पाच लाख साठ हजार. पहिल्याच वर्षापासून मुद्दल खायला लागणार. अठरा घातले तर एक कोटी दोन लाखांचे सात लाख चौदा हजार येतात आणि खर्च भागतो. कर आणि महागाई धरली तर हेही काठावरचंच आहे, हे मी त्यांना लपवलं नाही. अठरा ही आमची हद्द ठरली. त्यात पंधरा लाखांचं काम आणि तीन लाख हाताशी.

हे तीन लाख, म्हणजे वीस टक्के, दादांना फार वाटले. नव्या बांधकामाला दहा टक्के पुरतात. जुन्या घराचं कौल उचलल्याशिवाय खाली काय आहे ते कळत नाही, म्हणून मी वीसवर अडून बसलो.

मग पंधरा लाख कशाकशावर? इथे मी एक हिशोब मांडला आणि वहिनींनी तो दुरुस्त केला. माझा हिशोब सरळ होता: खर्चाला वीस वर्षांनी भागा, मग वर्षातून किती दिवस राहणार त्याने भागा, रोजचा आकडा येईल. दादा तेव्हा वर्षाला पंचवीस दिवस यायचे, त्यामुळे आकडा भयंकर आला. दापोलीत त्याहून कमी पैशांत चांगल्या हॉटेलात राहता येतं, असं दादा म्हणालेसुद्धा.

वहिनी म्हणाल्या, "आई बारा महिने राहतात. त्यांचे दिवस कुणी धरायचे?"

बरोबर होतं. अख्ख्या घराला एकच दिवसांचा आकडा लावून चालणार नव्हतं, प्रत्येक कामाला त्याचा स्वतःचा लावायला हवा होता. आत न्हाणीघर-संडास, दोन लाख दहा हजार, वीस वर्षांत वर्षाला साडेदहा हजार, रोज वापर: दिवसाला एकोणतीस रुपये. माडी नीट करणं, चार लाख, वर्षाला वीस हजार, वापर गणपतीचे पाच दिवस: दिवसाला चार हजार. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिल्यावर माडीवर वाद उरला नाही. मुलगाही गप्प झाला.

असं एकेक काम भागत गेल्यावर पंधरा लाख असे पडले. छप्पर सहा लाख ऐंशी हजार, न्हाणीघर दोन लाख दहा, वीज एक लाख वीस, भिंतींची ओल एक लाख सत्तर, स्वयंपाकघर एक लाख ऐंशी, जमीन, दारं आणि ओटीचा कठडा मिळून एक लाख चाळीस.

तिसरा निर्णय: कागद

हा भाग लोक टाळतात, म्हणून थोडक्यात पण सांगतो. ग्रामपंचायतीच्या आठ अ ला घर अजून दादांच्या वडिलांच्या नावावर होतं. आठ अ हा घरपट्टीचा उतारा, त्याने मालकी सिद्ध होत नाही. वारस चार: आजी, दादा, धाकटा भाऊ, बहीण. मुलीचा हक्क मुलाइतकाच, आणि एका हिस्सेदाराने पैसे घातले म्हणून त्याचा हिस्सा वाढत नाही. फार तर वाटणीच्या वेळी तो खर्च लक्षात घ्या असं म्हणता येतं. बँकेकडे दुरुस्तीचं कर्ज विचारलं तर तिथेही पहिला प्रश्न मालकीचाच आला आणि तो विषय संपला.

दादांना वाटत होतं की भावंडांनी हक्कसोडपत्र करून द्यावं. धाकटा तयार होता. बहीण म्हणाली, "मला तिथे राहायचं नाहीये दादा, पण माहेरचं नाव पुसायचंही नाहीये." तिला त्या शब्दावरून कुणी अडवलं नाही हे मला आवडलं. शेवटी चौघांचीही नावं वारस म्हणून लावून घेतली आणि एक कौटुंबिक टिपण लिहिलं: पंधरा वर्षांच्या आत वाटणी झाली तर दादांच्या खर्चातला न वापरलेला भाग, दर वर्षी एक पंधरावा अंश कमी करत, त्यांना किंवा त्यांच्या मुलांना परत मिळावा.

दुसरा कागद सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा. घर भरतीरेषेपासून दोनशे मीटरच्या आत आहे. किनारा नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे अशा जागी आधीपासून असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण जोत्याचं क्षेत्र आणि चटईक्षेत्र वाढवता येत नाही. २०१९ ला नवी अधिसूचना आली तरी या घरापुरता आमचा बेत तोच राहिला: जोत्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. ठेकेदार "पाडून तर टाकू, कागद मागाहून" म्हणत होता. उभं घर हाच सगळ्यात मोठा पुरावा असतो. तो स्वतःच्या हाताने पाडून मग परवानगीला जायचं मला पटलं नाही. न्हाणीघरही म्हणूनच बाहेर न वाढवता मागच्या कोठीच्या खोलीत बसवलं.

काम: पहिला हंगाम

नोव्हेंबर २०२३ ला सुरुवात केली. किनाऱ्यावर कामाचा हंगाम दिवाळी ते मे, त्यातही शिमग्याला आठ-दहा दिवस माणूस मिळत नाही.

कौलं उतरवून झाल्यावर सुतारमामा वर चढले. हातात हातोडी आणि एक जुना स्क्रू ड्रायव्हर, बस. प्रत्येक वाशावर हातोडीच्या दांड्याने टकटक करत पुढे सरकायचे. टणक आवाज आला की खडूने फुली, बद्द आला की गोल. पूर्वेकडे फुल्याच फुल्या. पश्चिमेच्या भिंतीपाशी मधली तुळई भिंतीत शिरते तिथे त्यांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि नुसता अंगठ्याने दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. काढला तर टोकाला ओला भुसा. मामा खाली न बघताच म्हणाले, "ही वरनं दिसते ती नुसती सालच आहे हो." सत्तर वर्षं उभी असलेली तुळई भिंतीतल्या शेवटच्या हातभर भागात संपली होती, बाहेरचा बारा फूट भाग अजून घट्ट होता.

इथे पुन्हा निर्णय. सगळं लाकूड काढून लोखंडी कैची घालायची? खाऱ्या हवेत लोखंडाला दर दोन-तीन वर्षांनी रंग लागतो, तो चुकला की गंज. नवं ऐन-किंजळ परवडणारं नव्हतं. फणस असला तरी तो मनाला येईल तसा तोडता येत नाही, परवानगी लागते. पण हसण्यावारी नेलेल्या फणसाच्या फळ्या पडवीत तीन वर्षं वाळत पडल्या होत्या. दारं आणि कठडा त्यातून निघाला. तुळईचं कुजलेलं टोक कापून, शेजारी फणसाचे दोन जाड तुकडे बोल्टाने आवळून, भिंतीत जाणारा भाग नवा केला. वासे शेजारच्या तालुक्यात पाडलेल्या एका जुन्या घरातून विकत आणले. जुनं लाकूड असं मिळतं, फक्त विचारत फिरावं लागतं.

वर रिपांवर आधी रंगीत पत्रा आणि त्यावर जुनी कौलं, असं छप्पर केलं. पत्र्यामुळे कौल फुटलं तरी गळत नाही, कौलामुळे पत्रा तापत नाही आणि पावसात बोलताना ओरडावं लागत नाही. वादळाचा वारा छपराला कडेने आणि आढ्यापाशी उचलतो, म्हणून वळचणीच्या दोन ओळी आणि आढ्याची कौलं तारेने बांधून घेतली. एक कौल अडीच-तीन किलोचं असतं आणि या छपरावर तीन हजारांच्या वर कौलं आहेत. ते वजन जुन्या वाशांनी वर्षानुवर्षं पेललं याचं मला प्रत्येक वेळी नवल वाटतं.

माझी पहिली चूक इथे. अंदाजपत्रकात मी सामान रस्त्यापर्यंत येतं असं धरून भाव लावले. रस्ता ते घर पाखाडीचा सव्वाशे पावलांचा चढ आहे. पत्रे, वाळू, सिमेंट, चिरे, सगळं डोक्यावरून. ही डोईची मजुरी पंचाण्णव हजार झाली. मी याच गावांत कामं करतो; ही गोष्ट मला माहीत नव्हती असं म्हणायलाही जागा नाही.

मार्चअखेरीस शिमग्याची पालखी आली तेव्हा माजघरावर अजून छप्पर नव्हतं. आजींनी दोन दिवस आमच्याशी अबोला धरला. पालखी ओटीवर बसवली, वर आकाश.

न्हाणीघराचा शोषखड्डा आम्ही काढला ती जागा विहिरीपासून तीस फुटांवर निघाली. खणून झाल्यावर धाकट्या भावाने फीत लावली. पन्नास फुटांच्या पलीकडे दुसरा खणला. पंचेचाळीस हजार जास्त गेले.

दुसरा हंगाम

पश्चिमेची भिंत आम्ही पहिल्याच हंगामात आतबाहेर करून घेतली होती, कारण पराती (कामाचं मचाण) बांधलेलीच होती. गवंड्याने फोनवर विचारलं, "सिमेंटचाच गिलावा मारू ना?" मी दुसऱ्या साइटवर होतो, हो म्हटलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये गिलाव्याला कमरेच्याही वर फुगे आले आणि टिचकी मारली की ताटासारखे पोपडे निघू लागले. जांभा, म्हणजे चिऱ्याचा दगड, जमिनीतलं पाणी स्पंजासारखा वर ओढतो. चुन्याच्या गिलाव्यातून ते पाणी हळूहळू उडून जातं. सिमेंटने भिंतीचं तोंड बंद केलं की पाणी आणखी वर चढतं आणि येताना मीठ घेऊन येतं. जानेवारी २०२५ ला तो सगळा गिलावा खरवडून चुन्याचा केला, जोत्याभोवती पागोळ्यांचं पाणी लांब नेणारी पन्हळ काढली. भिंतींचा खर्च एक लाख सत्तरवरून दोन लाख चाळीस हजारांवर गेला. त्यातले वीस हजार मी माझ्या फीमधून सोडले. दादांनी मागितले नव्हते.

स्वयंपाकघराचा ओटा खिडकीखाली आला आणि ते काम पाच हजारांनी स्वस्तात झालं. सगळ्या प्रकरणातलं तेवढं एकच.

२०२५ चा पाऊस मेच्या तिसऱ्या आठवड्यातच लागला आणि २६ मेला मान्सून मुंबईत पोचला. आमचा बाहेरचा रंग राहिला, पडवीतली सिमेंटची बारा पोती दगड झाली.

आज काय आहे

एकूण खर्च सतरा लाख ऐंशी हजार. छप्पर आठ लाख पस्तीस, न्हाणीघर दोन लाख पंचावन्न, वीज एक लाख तीस, भिंती दोन लाख चाळीस, स्वयंपाकघर एक लाख पंच्याहत्तर, बाकी एक लाख पंचेचाळीस. हद्दीच्या आत वीस हजार उरले, म्हणजे ते तीन लाख नसते तर काम कुठेतरी अर्धवट थांबलं असतं.

दोन पावसाळ्यांत छप्पर गळलं नाही. फुटलेली कौलं बदलायला दादा स्वतः शिडी लावतात, जे वहिनींना मान्य नाही. निवृत्तीनंतरच्या पहिल्या नऊ महिन्यांत ते दोघं एकशे दहा दिवस इथे राहिले. माडीला कुलूप आहे, वर वटवाघळं आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात जास्त खटकतं ते न्हाणीघर. ते हवं यावर पहिल्या दिवसापासून कुणाचंच दुमत नव्हतं. पाडा म्हणणारा, पर्यटकांना द्या म्हणणारा, सगळ्यांच्या यादीत ते होतं. तरीही एकूण आकडा ठरेपर्यंत थांबू म्हणून मी ते वर्षभर मागे ठेवलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये, काम सुरू व्हायला तीन आठवडे असताना, आजी मागीलदारच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. २०२३ च्या जानेवारीतच एका महिन्यात ते काम उरकता आलं असतं. आता मी नव्या घरी गेलो की आधी वाद नसलेली कामं वेगळी काढतो आणि ती लगेच सुरू करतो. हिशोब बाकीच्यांचा करतो.

राहून बघायचा महिना उन्हाळ्यातही एक हवा होता. मेमध्ये विहिरीचं पाणी तळाला जातं ते ऑगस्टच्या वहीत येणार कुठून? पहिल्याच मे महिन्यात टँकर मागवावा लागला. दोन हजार लिटरची टाकी आता नव्याने बसवायची आहे, तिचे पैसे अठरा लाखांत नाहीत.

अंदाजपत्रकात पाखाडीची मजुरी आता माझ्याकडे पहिल्या ओळीत असते. गिलाव्याचं फोनवर ठरवत नाही.

बहिणीबरोबरचं ते टिपण चौघांच्या सहीचं आहे, पण साध्या कागदावर. आजी आहेत तोवर ते वकिलाला दाखवून, रीतसर लिहून, नोंदवून घ्यायला हवं. मी दादांना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा उत्तर आलं, दिवाळीत सगळे जमू तेव्हा बघू.